गिटारवर सोलो वाजवायला गळा लागतो का?

सहातारा
नमस्कार मंडळी. सहा वर्षं गिटार वाजवतोय. नाशिकला ज्या क्लासात सुरुवात केली तिथे पेंटाटॉनिकचे (पाच स्वरांच्या स्केलचे) पाचही बॉक्स, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या जागांचे साचे, घोटून घेतले होते. ए मायनरचा बॅकिंग ट्रॅक (मागची तयार साथ) लावला की पाचव्या फ्रेटवर (पडद्यावर) बोटं आपोआप पळायला लागतात. चुकीचा स्वर लागत नाही. पण रेकॉर्ड करून ऐकलं की प्रत्येक सोलो सारखाच वाटतो. कुठे थांबणं नाही, कुठे काही सांगितलंय असं वाटत नाही.

मागच्या महिन्यात मित्राकडे एक बासरीवादक काका आले होते. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आता गिटार खाली ठेव आणि हेच गाऊन दाखव." मला चार स्वरही गाता आले नाहीत. म्हणजे मी जे वाजवत होतो ते मला आधी ऐकूच येत नव्हतं, बोटांना फक्त जागा ठाऊक होत्या. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

तर प्रश्न असा: स्केल गाण्याचा सराव केल्यानं इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, खरंच सुधारतं का? कुणी केलंय का? आणि ज्याचा गळा मुळीच तयार नाही त्यानं सुरुवात कुठून करायची?

निषाद७
चांगला धागा. बसतो इथेच. वाचनखूण साठवली.

मंद्रसप्तक
काकांनी तुम्हाला फार मोलाची गोष्ट सांगितली. मी ठाण्यात गेली अठरा वर्षं गाणं शिकवते. माझ्याकडे सतार, व्हायोलिन, गिटार वाजवणारी मुलंही येतात, गायक व्हायला नाही, फक्त कानासाठी. आपल्याकडे वाद्य शिकणाऱ्याला आधी गायला लावणं ही जुनीच रीत आहे. विलायत खाँसाहेब मैफलीत बंदिश आधी गाऊन दाखवत आणि मग तीच सतारीवर वाजवत. गायकी अंग म्हणतात ते हेच.

गळ्याची काळजी करू नका. पहिल्या दिवशी गिटारच्या स्वराला गळा जुळवायला जाऊ नका, उलटं करा. सहज बोलताना जो स्वर निघतो तो "आ" करून लांबवा आणि तो गिटारवर कुठे आहे ते शोधा. सापडला की पुन्हा गा, पुन्हा वाजवा. एका कानावर हाताची ओंजळ धरलीत तर स्वतःचा आवाज नीट ऐकू येईल. चार-पाच दिवस एवढंच करा.

मग सा ठरवा. ए म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबात पांढरी सहा. पुरुषांच्या आवाजाला ती रियाजासाठी अडचणीची असते, मध्य सा तिथे धरला तर मंद्रात (खालच्या सप्तकात) जागा उरत नाही आणि वरचा धरला तर सप्तक चढत नाही. तुमच्या गिटारची चौथी तार मोकळी सोडलीत की पांढरी दोन मिळते. तोच तुमचा सा. ती तार म्हणजे तुमचा तंबोरा.

सहातारा
ताई, खूप आभार. पांढरी-काळीचा हिशोब गिटारवाल्यांना कुणी सांगतच नाही! डी म्हणजे पांढरी दोन, हे आज कळलं.

ओव्हरड्राइव्ह
माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलंय. वीस वर्षं बँडमध्ये लीड वाजवतो, लग्नापासून कॉलेज फेस्टिव्हलपर्यंत. मी कधी गायलो नाही आणि गाणार नाही. मला घडवलं ते दुसऱ्यांचे सोलो उतरवून काढण्यानं. कॅसेट मागे-पुढे करून करून एकेक बार काढायचो. आता तर वेग अर्धा करून ऐकता येतं. कान तयार होतो तो ऐकून, गळा हा मध्ये आणखी एक वाद्य आणतो आणि तेही न येणारं. शिवाय स्केल वर-खाली गात बसलात तर सोलोतही स्केलच वर-खाली येईल. सहातारा यांचा आजार तोच आहे. त्यावर तेच औषध कसं चालेल?

कोपरखैरणेकर
ओव्हरड्राइव्ह यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

सिलिकॉनसरगम
ओव्हरड्राइव्ह, उतरवून काढण्याशी शंभर टक्के सहमत, पण तिथेही गळा वापरणारी मोठी परंपरा आहे. मी सॅन होजेला राहतो, इथे सात वर्षं जॅझ गिटार शिकतोय. लेनी ट्रिस्टानो नावाचे पियानोवादक होते (१९१९–१९७८), जन्म शिकागोचा, शिकवलं न्यूयॉर्कमध्ये. ते विद्यार्थ्यांना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसारख्यांचे रेकॉर्डवरचे सोलो आधी गायला लावत. सोलो संपूर्ण, श्वासासकट, लकबीसकट गाता आला की मगच वाद्य हातात. सॅक्सोफोनवाले ली कॉनिट्झ त्यांच्याकडूनच घडले. आणि जॉर्ज बेन्सन तर सोलो वाजवताना तोच सोलो तोंडानं सोबत गातात. त्यांचा एखादा कार्यक्रम बघा, गळा आणि तार वेगळे काढता येत नाहीत.

माझ्या शिक्षिकेनं पहिल्या दिवशी नियम घातला होता: जे गाता येणार नाही ते वाजवायचं नाही. तीन महिने माझे सोलो चार स्वरांचे झाले. पण ते चार स्वर माझे होते.

तिहाई
मी तबलावाला. आमच्याकडे बोल तोंडानं म्हणता आला नाही तर हातातून निघत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात. पढंत नीट झाली की अर्धं काम झालं. गिटारवाल्यांना ही गोष्ट नवी वाटते याचंच नवल वाटतं.

मंद्रसप्तक
ओव्हरड्राइव्ह, तुमचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, टाळून पुढे जाणार नाही. नुसते आरोह-अवरोह गाऊन सोलो सुधारत नाही, हे खरंच. पण आम्ही पलटे गाऊन घेतो ते स्वरांमधलं अंतर गळ्यात बसावं म्हणून. सारेग, रेगम, गमप हे झालं सोपं. सागरेम, रेमगप असं उड्या मारत गेलात की प्रत्येक स्वर आधी मनात ऐकावा लागतो, नाहीतर चुकतोच.

आणि स्वर म्हणजे संगीत नाही याचा पुरावा आपल्याच संगीतात आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत स्वर तेच: सा रे ग प ध. तुमचं मेजर पेंटाटॉनिक. पण भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. मोजून तेच पाच स्वर, आणि दोन वेगळी माणसं दारात उभी राहतात. फरक पडतो तो कुठे थांबायचं, कुठून कुठे जायचं, कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडायचा यानं. सहातारा, तुमच्या बॉक्समध्ये पाचही स्वर सारख्याच तोलाचे आहेत. तिथेच अडलंय.

पणजीकर
सुंदर प्रतिसाद, ताई. गोव्याची एक गोष्ट सांगतो. पोर्तुगीज काळात इथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना संगीत शिकवत. माझ्या शेजारचे एक आजोबा अशा शाळेत शिकलेले. ते सांगायचे, व्हायोलिनला हात लावायच्या आधी कित्येक महिने फक्त सोल्फेजो. हातानं ताल देत दो-रे-मी गायचं, चुकलं की बोटांवर छडी. नव्वदीतही कागदावरची ओळ बघून ते थेट गायचे. त्याच शिक्षणावर गोव्याची कितीतरी माणसं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. छडी नको, पण बाकीचं हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

निषाद७
अवांतर: घरी एक खेळ सुरू केलाय. कुकरची शिट्टी झाली की मी आणि मुलगी तिचा स्वर गातो आणि कीबोर्डवर तपासतो. काल तिनं मला तीनदा हरवलं. आमटी थोडी जास्त शिजली.

कोपरखैरणेकर
आमची लिफ्ट दार उघडताना "सा-ध" म्हणते. आता रोज तेच ऐकू येतं.

कॅपो३
गाण्याची सोय हाच माझा मोठा प्रश्न आहे. वन बीएचके, सासू-सासरे, लहान बाळ. सकाळी "आ" लावला तर पूर्ण मजला उठेल.

तिहाई
बाइकवर. हेल्मेटच्या आत. मी रोज कळव्यापासून महाप्यापर्यंत तबल्याचे कायदे म्हणतो. सिग्नलला शेजारचा बघतो, बघू दे.

मंद्रसप्तक
कॅपो३, तोंड मिटून गुणगुणलात तरी चालतं. कान त्यानंही तयार होतो, आवाज तयार व्हायचा नसेल तर मोठ्यानं गायची गरज नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ओठही न हलवता मनात गाणं. सा वाजवा, मनात प पर्यंत चढा, मग तार छेडून बघा, जुळतं का ते. बाळ झोपलेलंच राहील.

बारीककान
एक तांत्रिक मुद्दा. तंबोऱ्यावर गाऊन कान तयार केला आणि मग गिटार हातात घेतली तर गंधार टोचतो. मला टोचला म्हणून शोध घेतला. तंबोऱ्याच्या नादातून ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग धरून बसवलेले म्हणून तिथे तो ४०० वर येतो. १४ सेंट चढा. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, तो कुणाला जाणवत नाही. मग गाऊन तयार केलेला कान गिटारला उपयोगी की अडचणीचा?

सिलिकॉनसरगम
उपयोगीच, आणि तुमच्याच गणितानं. कोमल गंधार उलट्या बाजूला आहे: नैसर्गिक ३१६ सेंट, गिटारवर ३००. म्हणजे फ्रेटवर तो जरा उतरलेला. ब्लूज वाजवणारे त्या स्वरावर बोट हलकंसं ओढतात, अर्धा स्वरही नाही, इतकंच की तो जिवंत होतो. ते कुणी मोजून केलं नाही, गायकांचं ऐकून केलं. ज्याचा कान गाऊन तयार झालाय तो बोट नेमकं तिथपर्यंत नेतो.

मंद्रसप्तक
हे वाचून खरंच आनंद झाला. आमच्याकडेही कोमल गंधार सगळ्या रागांत एकाच जागी नसतो. पुस्तकात एकच लिहिलेला असतो, गळ्यात अनेक असतात.

ओव्हरड्राइव्ह
बेंडिंगचा, म्हणजे तार ओढण्याचा मुद्दा निघाला म्हणून एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. नव्या मुलांना मी हेच करायला लावतो: तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवा, तो डी. तो पूर्ण स्वर ओढून ई वर न्यायचाय. आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवा, तिथे तोच ई आहे. तो डोक्यात धरा, मग ओढा, मग पुन्हा दुसरी तार वाजवून तपासा. दहापैकी नऊ मुलांचं ओढणं कमी पडतं. "डोक्यात धरा" असं मी गेली वीस वर्षं म्हणतोय. ते धरणं म्हणजे मनात गाणंच की. एवढं मान्य. पण सरगम घोटायला अजून माझी मान्यता नाही. सोलो उतरवा, मंडळी.

स्वरभ्रम
ज्यांना जन्मजात कळतं की हा सी आहे, हा एफ शार्प आहे, त्यांनाच हे सगळं जमतं का? मला तसं कळत नाही.

सिलिकॉनसरगम
त्याची गरज नाही. सा कुठेही असो, त्याच्यापासून बाकीचे किती दूर एवढं कळलं की पुरे. आपलं सगळं सरगम त्याच पायावर उभं आहे.

सहातारा
मंडळी, परत आलो. सहा आठवडे झाले. रोज वीस मिनिटं, एकही दिवस चुकवला नाही.

काय केलं ते सांगतो. चौथी तार मोकळी, सा. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला वरचा सा मिळतो आणि पंधराव्याला त्याच्याही वरचा, म्हणजे एका तारेवर अख्खं सप्तक. भूप घेतला: तिसरा, पाचवा, सातवा, दहावा, बारावा, पंधरावा. गातो मी त्याच्या एक सप्तक खाली. आधी गायचं, मग वाजवायचं, उलटं कधीच नाही. एकाच तारेवर असल्यामुळे गळ्याला जेवढं अंतर जाणवतं तेवढंच हाताला जाणवतं. ग वरून प ला जाताना हात खरोखर लांब जातो. बॉक्समध्ये हे कधी कळलंच नव्हतं, तिथे सगळे स्वर शेजारी-शेजारी बसलेले.

पहिले पंधरा दिवस काहीही फरक नाही. फार निराश झालो होतो. मग एका रात्री बॅकिंग ट्रॅकवर वाजवताना लक्षात आलं की मी थांबतोय. गाताना श्वास संपतो म्हणून ओळ संपते, तेच हातात आलं होतं. आणि ओव्हरड्राइव्ह, तुमचा बेंड करून बघितला. माझाही कमी पडत होता. सहा वर्षं! आता कमी पडला की अंगावर येतं.

एक अडचण मात्र सुटत नाही. एका सा वर सगळं छान चालतं. पण ट्रॅकवर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलतात, ए मायनर, एफ, जी, पुन्हा ए मायनर. तेव्हा सा कोणता धरायचा? कॉर्डबरोबर सा बदलायचा का?

तिहाई
वा! सहा आठवडे सलग. मानलं तुम्हाला.

मंद्रसप्तक
खूप छान. सा बदलू नका. ए हाच सा, शेवटपर्यंत. घर एकच असतं.

सिलिकॉनसरगम
इथे ताईंशी थोडा असहमत. घर एकच हे बरोबर, पण खालची जमीन सरकते, आणि ती ऐकायला शिकल्याशिवाय कॉर्डवर वाजवता येत नाही. सहातारा, आज हे करून बघा. ट्रॅक लावा, गिटार बाजूला ठेवा आणि फक्त ए हा एक स्वर लांबवत राहा. ए मायनरवर तो घरी आहे. एफ आला की तोच स्वर एफचा गंधार होतो, एकदम गोड लागतो. जी आला की तो जीचा रिषभ होतो, अधांतरी. तुम्ही काहीच बदललं नाही, तरी तीन वेगळे भाव. मग हेच सी धरून करा. एफवर तो पंचम, निवांत. जीवर तो मध्यम, आणि कॉर्डमधल्या बी ला घासतो, तिथे थांबवत नाही, बी वर उतरावंसं वाटतं. ते उतरणं गळ्यानं स्वतःहून केलं की समजा तुमचा कान कॉर्ड ऐकायला लागला. ह्याला मला दोन वर्षं लागली.

मंद्रसप्तक
हे मी आत्ता हार्मोनियमवर करून पाहिलं. डाव्या हातानं तीन कॉर्ड, गळ्यात एकच स्वर. आमच्या संगीतात खालचा सा हलत नाही म्हणून ही सवयच नाही. एफवर तो स्वर गंधारासारखा लागतो हे मला गाताना स्पष्ट जाणवलं. अठरा वर्षांत कधी केलं नव्हतं. धन्यवाद. तरीही विद्यार्थ्याला नाव एकच द्यावं असं मला वाटतं. सा म्हणायचं, आणि भाव बदलला तो ऐकायचा.

सिलिकॉनसरगम
हे पटलं. नाव एक, नातं बदलतं.

पणजीकर
आमच्या आजोबांच्या सोल्फेजोत दो जागचा हलतच नसे. दो म्हणजे सी, गाणं कुठल्याही पट्टीत असो. तिसरीच पद्धत!

ओव्हरड्राइव्ह
सहातारा, ट्रॅकवरचं रेकॉर्डिंग टाका. बोलणं पुष्कळ झालं, ऐकू द्या.

सहातारा
टाकलंय, वरच्या प्रतिसादात दुवा जोडला. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

ओव्हरड्राइव्ह
तीनदा ऐकलं. दुसऱ्या फेरीत एफ आला तेव्हा तुम्ही ए वर थांबलात आणि पूर्ण बारभर काहीच वाजवलं नाही. ती जागा मला फार आवडली. शेवटचा बेंड अजून किंचित खाली आहे. पुढच्या आठवड्यात एक सोलो देतो, बारा बारचा, उतरवून काढा. आधी गाऊन काढलात तरी हरकत नाही.

कॅपो३
मी पण घेतो तो सोलो. गुणगुणून.

मंद्रसप्तक
सहातारा, त्याच्या जोडीला माझंही एक काम. तुमचा तो मायनर पेंटाटॉनिक, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे आमचा धानी. बॅकिंग ट्रॅक बंद. कॉर्ड नाहीत, फक्त तंबोरा. पाच मिनिटं, आधी गळ्यानं, मग तारेवर. बॉक्स आठवला तर थांबायचं आणि पुन्हा सा पासून.

सहातारा
ताई, करतो. सा कोणता घेऊ?

मंद्रसप्तक
काळी एक. पाचव्या तारेचा चौथा फ्रेट. तुमचा आवाज आता तिथे बसेल असं रेकॉर्डिंगमधल्या गुणगुणण्यावरून वाटतंय.